मुंबईत राहणे आणि मुंबईला जात राहणे

माझ्या भाचीला वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एका कार्यालयात नोकरी मिळाली आहे. आठवड्यातून तीन दिवस प्रत्यक्ष हजर राहावे लागेल, बाकीचे दोन दिवस घरून काम करता येईल, अशी तिथली पद्धत आहे. तेव्हापासून आमच्या घरात एकच विषय चालू आहे: तिने मुंबईत बिऱ्हाड करावे, की नाशिकचे घर न सोडता जाऊन-येऊन काम भागवावे. मुंबई तिला आवडते आणि तेवढी आवड पुरेशी आहे असे तिचे म्हणणे आहे. मी त्या शहरात अकरा वर्षे काढली, त्यांतली पहिली चार परळला नातेवाइकांच्या खोलीत आणि पुढची सात डोंबिवलीत. त्यानंतर नाशिकला परतून आता बरीच वर्षे महिन्यातून दोनदा तिकडे जातो आहे. दोन्ही बाजू अंगावरून गेल्या असल्यामुळे तिला जे सांगितले तेच इथे जरा सविस्तर मांडतो.

तुलना करण्याआधी ‘मुंबईत राहणे’ या शब्दांचा अर्थ ठरवला पाहिजे, कारण सगळा घोटाळा तिथेच होतो. माझ्या अकरा वर्षांपैकी सात वर्षे डोंबिवलीत गेली आणि डोंबिवली मुंबईत नाही. ती ठाणे जिल्ह्यात आहे आणि तिची महापालिका वेगळी आहे. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख नोंदली गेली, पण विरार, बदलापूर, कल्याण, उलवे इथली माणसे त्या आकड्यात नाहीत, आणि गावाकडे विचारले तर त्यांतला प्रत्येक जण ‘मुंबईला असतो’. साध्या पगारावर नव्याने जाणाऱ्याला जे घर परवडते ते बहुधा याच पट्ट्यात मिळते. म्हणजे तो मुंबईत राहत नाही, तर तिथून पन्नासेक किलोमीटरवर राहून रोज मुंबईला जातो. त्यामुळे निवड मुंबई आणि नाशिक यांच्यात नसून रोज जाणे आणि अधूनमधून जाणे यांच्यात आहे, हे एकदा मान्य केले की पुढची गणिते पुष्कळ सोपी होतात.

पहिले गणित तासांचे आहे. डोंबिवलीच्या घरातून निघून जलद लोकलने कुर्ल्याला उतरायचे, तिथून शेअर रिक्षाने किंवा बसने संकुलात पोहोचायचे, यात घराच्या दारापासून कार्यालयाच्या खुर्चीपर्यंत दीड तास सहज जातो. येताना तेवढाच वेळ धरला तर रोजचे ३ तास आणि महिन्याच्या २४ कामाच्या दिवसांचे ७२ तास होतात. उलट, मी पंचवटी एक्सप्रेसने सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोडहून निघतो, कार्यालये उघडण्याच्या वेळेला दादरला उतरतो आणि संध्याकाळी त्याच गाडीने परत येतो. जाऊन-येऊन ७ तास, म्हणजे महिन्यातल्या दोन फेऱ्यांचे १४ तास, आणि तेही बसून, वर्तमानपत्र वाचत, कसाऱ्याच्या घाटात पावसाळी धबधबे पाहत. मात्र याच गाडीने रोज ये-जा करणारे पासधारकही आहेत. त्यांचे वर्षानुवर्षे चाललेले अपडाउन मी आदराने पाहतो, पण त्याची शिफारस कोणालाही करणार नाही, कारण त्यात राहण्याचा फायदा मिळत नाही आणि भेटीची सवडही मिळत नाही. भाचीच्या तीन दिवसांच्या हजेरीला हेच लागू पडते: दोन्ही टोकांचा वेळ धरून रोजचे ९ तास, महिन्याला बारा दिवस म्हटले तरी शंभराच्या वर तास. हे डोंबिवलीकराच्या प्रवासापेक्षाही जास्त आहे. ‘नाशिकहून जाऊन-येऊन करू’ हा पर्याय ऐकायला शहाणपणाचा वाटतो आणि कागदावर पहिल्याच बेरजेत बाद होतो.

तासांइतकीच प्रवासाची जातही महत्त्वाची आहे. पाहुणा लोकलमध्ये बसतो ती बहुधा दुपारी अकरा ते चारच्या मधली, आणि त्या वेळी लोकल हे खरोखर सुरेख वाहन असते: स्वस्त, वेगवान, दारात वारा. तीच गाडी सकाळी आठ वाजता डोंबिवलीच्या फलाटावर येते तेव्हा चढणे हेच एक कसब असते. कोणत्या डब्याच्या कोणत्या दाराशी उभे राहायचे, कुठल्या गाडीत कुठल्या स्थानकाच्या माणसाने चढूच नये, बसायला जागा हवी असेल तर उलट दिशेने कल्याणला जाऊन कसे यायचे, हे सगळे महिन्या-दोन महिन्यांत अंगवळणी पडते. संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये बोरिवलीला उतरणारा प्रवासी चुकून चढला तर त्याला काय ऐकावे लागते, हे पाहुण्याला एकदाच कळते. पण अंगवळणी पडणे म्हणजे सुरक्षित होणे नव्हे. २०२५ च्या जूनमध्ये मुंब्र्याजवळ दोन गच्च भरलेल्या लोकल एकमेकींच्या शेजारून जात असताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि काहींचा जीव गेला. ती सगळी सवयीची, सकाळी कामावर निघालेली माणसे होती. लोकलबद्दल बोलताना तिला मुंबईची जीवनवाहिनी म्हणण्याचा प्रघात आहे. ज्याला निर्णय घ्यायचा आहे त्याने हा शब्द बाजूला ठेवून सलग पाच दिवस सकाळी आठची गाडी पकडून पाहावी.

आता त्या मुंबईकडे वळू जी भाचीला आवडते. सीएसएमटीची इमारत, फोर्टातले पदपथ, जहांगीर कलादालन, वस्तुसंग्रहालय, मरीन ड्राइव्हवरची संध्याकाळ, दादरला एखादे नाटक, गिरगावातला नाश्ता आणि मंगलदास मार्केटमधली कापडखरेदी, अशी तिची मुंबई आहे, आणि ती खोटी मुळीच नाही. सीएसएमटीला २००४ मध्ये आणि दक्षिण मुंबईतल्या व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको इमारतींच्या समूहाला २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, तो काही उगाच नाही. अडचण एवढीच आहे की तिथे राहायला गेल्याने हे सगळे जवळ येत नाही. डोंबिवलीच्या सात वर्षांत मी समुद्र किती वेळा पाहिला हे आठवून मोजले तर आकडा दहाच्या पुढे जात नाही, आणि त्यातलेही बहुतेक प्रसंग गावाहून कोणी पाहुणे आले म्हणून घडले. राणीची बाग, गेटवे हे मुंबईकराने पाहुण्यांना दाखवायचे असते, स्वतः पाहायचे नसते. रविवारी मेगाब्लॉक असतो, आणि नसला तरी सहा दिवस ज्या गाडीत उभे राहिलो तिच्यात सातव्या दिवशी हौसेने चढायला पाय उचलत नाहीत. गेल्या काही वर्षांत नाशिकहून जाऊन मी जितकी प्रदर्शने पाहिली तितकी तिथे राहत असताना पाहिली नव्हती. जाताना मी ठरवून जातो. तिथे राहत होतो तेव्हा सगळे हाताशी आहे या भरवशावर काहीच ठरवत नव्हतो.

नाटकांचे तर आणखी गमतीचे आहे. व्यावसायिक नाटक शिवाजी मंदिरात लागते तसे डोंबिवलीच्या सावित्रीबाई फुले कलामंदिरात लागते आणि काही आठवड्यांनी नाशिकच्या कालिदास कलामंदिरातही येते. कलाकार तेच, संच तोच. मुंबईत मिळते आणि नाशिकला मिळत नाही ते प्रायोगिक नाटक, छोट्या खोलीतले वाचन, एखाद्या दिग्दर्शकाशी प्रयोगानंतर झालेली अर्धा तास बातचीत. ज्याला यांची खरी भूक आहे त्याने अंधेरी, माटुंगा किंवा विलेपार्ले यांच्या आसपास कितीही लहान जागा घेऊन राहावे. शेवटची कर्जत लोकल गाठण्यासाठी दुसऱ्या अंकात उठणाऱ्याने नाटकासाठी मुंबईत राहतो असे म्हणू नये. हे मी स्वतः केलेले आहे, म्हणून सांगतो.

घराचा विषय लोक भाड्याच्या आकड्यावर संपवतात, पण भाडे हा त्याचा एक भाग झाला. कांदिवली किंवा मुलुंडला एका बेडरूमच्या घराला जे भाडे पडते तेवढ्यात नाशिकला गंगापूर रस्त्याच्या परिसरात ऐसपैस घर मिळते, हे सर्वांना ठाऊक असते. ठाऊक नसते ते असे की काही महिन्यांच्या भाड्याइतके डिपॉझिट आणि एजंटला साधारण एका महिन्याचे भाडे ही रक्कम पहिल्याच दिवशी मोकळी असावी लागते. करार बहुतेक वेळा अकरा महिन्यांचा असतो. तो लेखी करून नोंदवणे १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने बंधनकारक आहे. मुदत संपली की मालक भाडे वाढवतो किंवा जागा मागतो. मी सात वर्षांत चार घरे बदलली. दर वेळी पत्ता बदलणे, गॅसचे कार्ड, मुलाच्या शाळेची रिक्षा, दूधवाला, कामवाल्या मावशी, सगळे नव्याने. त्यातून एकटी मुलगी किंवा एकटा मुलगा असेल तर सोसायटीच्या बैठकीतले अलिखित नियम वेगळेच. माझ्या एका तरुण सहकाऱ्याला कोकणातले आडनाव ऐकल्याबरोबर ‘मासे शिजवणार नाही ना’ असे विचारून एका सोसायटीने परत पाठवले होते. पाहुणा असताना हे शहर कोणालाही नावगाव विचारत नाही, भाडेकरूला मात्र पहिल्याच भेटीत विचारते.

पाण्याबद्दल दोन शब्द लिहितो, कारण ते सहसा कोणी तुलनेत धरत नाही. मुंबईला सात जलाशयांतून पाणी येते आणि त्यांपैकी विहार व तुळशी हे दोनच शहराच्या हद्दीत आहेत. बाकीचे ठाणे-पालघरच्या डोंगरांत आणि ऊर्ध्व वैतरणा तर आमच्या नाशिक जिल्ह्यात इगतपुरीजवळ आहे. महापालिकेच्या हद्दीत हे पाणी ठरल्या वेळी आणि पिण्याजोगे येते. हद्द ओलांडली की चित्र बदलते, आणि नव्याने उभ्या राहिलेल्या कित्येक वसाहती उन्हाळ्यात टँकरवर तरतात. घर पाहायला जाताना आपण खिडकीतून काय दिसते ते पाहतो. नळाला पाणी किती वाजता येते आणि टँकरचा खर्च देखभालीच्या आकारात धरला आहे का, हे विचारत नाही.

पावसाचेही तसेच. पाहुणा पावसाळ्यात मुंबई पाहायला मुद्दाम जातो आणि भरतीच्या लाटा पाहून खूश होऊन परततो. जोराच्या पावसाचा इशारा असला तर जाणे पुढे ढकलतो. राहणाऱ्याला पुढे ढकलण्याची सोय नसते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मी परळला राहत होतो आणि घाटकोपरहून पाण्यातून चालत घरी पोहोचायला मला रात्र लागली. वाटेत अनोळखी माणसांनी चहा-बिस्किटे दिली, एका घरात कपडे पिळायला मिळाले, हे खरेच आहे आणि मी ते विसरणार नाही. पण त्या चांगुलपणाचे कौतुक पुढे इतके झाले की तुंबणाऱ्या नाल्यांचा जाब विचारणे मागे पडले, असेही मला वाटत आले आहे.

इथपर्यंत वाचणाऱ्याला तराजू नाशिककडे झुकलेला वाटेल. तसे नाही, कारण मुंबईत काही गोष्टी अशा आहेत की त्या भेटीत मिळूच शकत नाहीत, आणि माझ्या मते निर्णय त्यांच्यावरच व्हायला हवा. त्यांतली पहिली म्हणजे नोकरी बदलण्याची मुभा. नाशिकच्या सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीत आपल्या कामाच्या मोजक्या जागा असतात; साहेबाशी पटले नाही तर गाव सोडावे लागते. मुंबईत अंधेरीचे काम सोडून ऐरोलीला, ऐरोलीचे सोडून पवईला जाता येते आणि घराचा पत्ता तोच राहतो. पगार थोडा जास्त मिळतो यापेक्षा, पटले नाही तर उठून जाता येते ही जाणीव मोठी असते. कामाच्या ठिकाणी माणूस ताठ उभा राहतो तो या जाणिवेवर.

दुसरी गोष्ट भाचीच्या वयाच्या मुलीला माझ्यापेक्षा चांगली कळते. रात्री साडेदहाला एकटीने लोकलच्या महिला डब्यातून घरी येणे, जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्याने ‘कुठे गेली होतीस’ असे न विचारणे, कोणाबरोबर चहा घेतला याची बातमी आपल्याआधी घरी न पोहोचणे, हे नाशिकलाही वाढते आहे, पण अजून तसे झालेले नाही. त्याच डब्यात रोज भेटणाऱ्या बायकांचा गट जमतो, भाज्या निवडल्या जातात, दसऱ्याला डबा सजतो, संक्रांतीला हळदीकुंकू होते. हे पाहुणीला लांबून दिसते आणि तिच्या वाट्याला मात्र दाराशी उभे राहणेच येते. अभिनय, मालिका, चित्रपट यांत काही करू पाहणाऱ्यांनाही राहण्याला पर्याय नाही, कारण ऑडिशनचा निरोप सकाळी येतो आणि दुपारी वर्सोव्याला किंवा गोरेगावला पोहोचायचे असते. दवाखान्याचेही थोडेफार असेच आहे. टाटा रुग्णालयात किंवा केईएममध्ये महिनोन्‌महिने उपचार घ्यायचे असतील तर नाशिकहून जाणाऱ्या कुटुंबाला दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी जागा मिळेपर्यंत नातेवाइकांच्या हॉलमध्ये पथाऱ्या पसराव्या लागतात. डोंबिवलीकर कितीही दमला तरी रात्री आपल्या अंथरुणावर झोपतो.

यावरून एक न बोलली जाणारी गोष्ट आठवते. आपल्याकडे मुंबईला जाऊन येणे परवडते ते बरेचदा तिथे कोणीतरी राहते म्हणून. साडेतीनशे-चारशे चौरस फुटांच्या घरात मामा-मावशीकडे रात्र काढून आपण ‘मुंबईला जाऊन आलो’ म्हणतो, आणि त्या रात्री त्या घरातला मुलगा स्वयंपाकघरात झोपलेला असतो. डोंबिवलीत असताना मी यजमान होतो, त्यामुळे आता रात्र काढायची वेळ आली तर पैसे देऊन राहतो, आणि तो खर्च धरला की भेटीची मुंबई वाटते तितकी स्वस्त उरत नाही.

राहणे आणि जाणे यांच्या मधली एक जुनी तऱ्हा मात्र आज पुन्हा विचारात घेण्यासारखी झाली आहे. गिरणगावातल्या चाळींमध्ये एकेका गावाच्या माणसांनी मिळून खोली घेतलेली असे. कामगार पाळीप्रमाणे तिथे झोपत, खाणावळीत जेवत, आणि बायकामुले, शेती, देव सगळे गावाकडे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, पण गावकीच्या अशा काही खोल्या अजून टिकून आहेत. घर नव्हे तर झोपण्यापुरती एक खाट भाड्याने घेणे, आजच्या भाषेत याला कॉट बेसिस म्हणतात. भाचीने सोमवारी सकाळी पंचवटीने जावे, दोन रात्री ठाणे किंवा कळवा परिसरात कॉट घेऊन काढाव्यात आणि बुधवारी संध्याकाळी परतावे, असे केले तर गाडीतले तास महिन्याला २८ होतात आणि नाशिकचे घरही सुटत नाही. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा २०२५ च्या जूनमध्ये सुरू झाल्यापासून गाडीने जाणे नक्कीच सुकर झाले आहे, मात्र महामार्ग भिवंडीजवळ संपतो आणि घाटात वाचवलेला वेळ पुढच्या कोंडीत बराचसा परत द्यावा लागतो. याउलट आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो माझ्यासारख्या पाहुण्याच्या फार कामाची निघाली. वांद्रे-कुर्ला संकुल, सिद्धिविनायक, गिरगाव आणि सीएसएमटी एका मार्गावर आल्यामुळे एका दिवसात पूर्वीच्या दीडपट कामे होतात. कल्याण-डोंबिवलीच्या माणसाला तिचा उपयोग दादरपर्यंत उभ्याने आल्यावरच सुरू होतो.

तेव्हा चाळिशी ओलांडलेल्या, मुले शाळेत असलेल्या आणि नाशिकला बरी नोकरी असलेल्या माणसाने केवळ मुंबईच्या ओढीने तिथे जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची ओढ महिन्याच्या दोन फेऱ्यांत भागते आणि टिकतेही. पंचविशीतल्या माणसाने, आणि विशेषतः मुलीने, नोकरी आणि मोकळीक यांसाठी जावे, मरीन ड्राइव्हसाठी नव्हे. दोघांनीही घर पाहायला डिसेंबरात जाऊ नये. डिसेंबरात मुंबई सगळ्यांशीच चांगली वागते.

भाचीने माझे सगळे ऐकून घेतले आणि कॉटचा पर्याय नाकारला; दोन ठिकाणी अर्धवट राहायचे नाही असे ती म्हणाली. कळव्याला दोघी मैत्रिणींबरोबर तिने घर पाहिले आहे. स्थानकापर्यंत चालत अकरा मिनिटे लागतात, पाणी सकाळी सहाला येते, या दोन्ही गोष्टी तिने स्वतः घड्याळ लावून पाहिल्या. करार अकरा महिन्यांचाच आहे, पण एका महिन्याच्या नोटिशीवर घर सोडता येईल हे कलम तिने मालकाकडून लिहून घेतले आहे, आणि ती जुलैच्या एक तारखेला राहायला जाणार आहे.